गाळा घेण्याआधी परळची ही गोष्ट ऐका



मागच्या महिन्यात दादरला आमची एक दिवसाची कार्यशाळा झाली. जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा येऊन भेटला. राहायला लालबागला, नोकरी लोअर परळच्या एका ऑफिसात. मालवणी जेवणाचं छोटं हॉटेल काढायचंय, गाळाही बघून ठेवलाय. डिपॉझिटला वडिलांची ग्रॅच्युइटी आणि बाकीसाठी मुद्रा लोन, किशोर गटातून 5 लाखांपर्यंत मिळतं ते. म्हणाला, "सर, स्वयंपाक माझं पॅशन आहे. नोकरीत मनच लागत नाही."

मी विचारलं, "एका वेळी जास्तीत जास्त किती माणसांचं जेवण केलंयस?"

"भाचीच्या बारशाला. पंचवीसेक जण असतील."

मी म्हटलं, थांब जरा. तो नाराज झाला, आणि तसा हक्कही आहे त्याला. 'पॅशनच्या मागे जा' असं सांगणारा व्हिडिओ माझाच आहे, आणि चॅनलवर सगळ्यात जास्त तोच बघितला जातो. त्यात जे सांगायचं राहून गेलं ते आज लिहितोय.

त्या मुलाच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर केईएम हॉस्पिटल आहे. आपण तिथे जातो ते नातेवाइकाला भेटायला, हातात डबा घेऊन. पण ते हॉस्पिटल आणि त्याचं जी. एस. मेडिकल कॉलेज 1926 मध्ये सुरू झालं ते एका अटीवर. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना सांगितलं होतं, इथे शिकवणारे सगळे भारतीय असतील. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या वरच्या जागा तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असायच्या, त्या काळातली ही अट आहे!

याच कॉलेजात एक मुलगा शिकायला आला. जन्म कलकत्त्याचा, लहानपण नागपुरात. नाव प्रफुल्लकुमार सेन. पुढे तो इथेच सर्जरीचा प्राध्यापक झाला. 16 फेब्रुवारी 1968 ला डॉ. सेन आणि त्यांच्या टीमने केईएममध्ये एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्या माणसाला बसवलं. भारतातलं, आणि आशियातलंही, हे पहिलं. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदय बसवलं, त्याला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. जगात हे करणारे सेन चौथे सर्जन. दक्षिण आफ्रिका, अमेरिका, आणि त्यानंतर आपलं परळ, जिथे चारी बाजूंना गिरण्यांचे भोंगे वाजत होते.

व्हिडिओ करणारे लोक गोष्ट इथे थांबवतात. मीही थांबवली असती.

पण पेशंट तीन तासच जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तोही पेशंट काही तासांतच गेला.

आता मागे जाऊ. 1965 मध्ये, म्हणजे बर्नार्डच्याही दोन वर्षं आधी, सेन, पारुळकर, पांडे आणि किणारे या केईएमच्या डॉक्टरांचा एक शोधनिबंध छापून आला होता. विषय, कुत्र्यांमधलं हृदय प्रत्यारोपण. किती प्रयोग? शंभर. आणि निबंधाच्या नावातच म्हटलं होतं की हा प्राथमिक अहवाल आहे. शंभर वेळा करून ही माणसं 'प्राथमिक' म्हणत होती, आणि आपण पंचवीस माणसांना वडे-सागोती वाढून गाळ्याचं डिपॉझिट भरायला निघतो.

त्याच प्रयोगशाळेत एक तरुण सर्जन होता, तेहमटन उडवाडिया. सेन यांच्या हाताखाली शिकला, त्यांच्यासोबत निबंधांवर नाव आलं. पुढे 1990 मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं देशातलं पहिलं ऑपरेशन त्याने केलं. दुर्बिणीने पोटात बघायला त्याने सत्तरच्या दशकातच सुरुवात केली होती.

आजही हार्ट सर्जन व्हायचं तर एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, एमएसची तीन आणि एमसीएचची तीन. साडेअकरा वर्षं झाली. त्यातली सुरुवातीची बरीचशी दुसऱ्याच्या ऑपरेशनला जखम ओढून धरून उभं राहण्यात जातात. पाय दुखतात, नाव कुणाचंच होत नाही. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणायचे. गिरणगावात साच्यावर उभं राहण्याआधी बदली कामगार म्हणून वर्षं काढलेले आजोबा अजून कुणाकुणाच्या घरात असतील, त्यांना विचारा.

तुम्ही म्हणाल, सर, सेन यांच्यामागे हॉस्पिटल होतं, प्रयोगशाळा होती. आम्हाला घरभाडं आहे, ईएमआय आहे. बरोबर आहे. म्हणूनच सांगतो, प्रयोग दुसऱ्याच्या जागेत करा. फसले तरी ग्रॅच्युइटी शाबूत राहते.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते धंद्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. सेन यांचा हात कमी पडला असं नाही. 1968 मध्ये शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून लागणारं चांगलं औषध नव्हतं. सायक्लोस्पोरिन वापरात आलं ते ऐंशीच्या दशकात. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस गेला, हे मानणारा कायदा आपल्याकडे आला 1994 मध्ये. आणि त्याच 1994 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मध्ये 26 वर्षं गेली. आवड होती, कौशल्य होतं, मेहनतही होती. बाजार तयार नव्हता, असं आपल्या भाषेत म्हणू. सेन यांना ते ऑपरेशन करून पाहण्याआधी कळणं कठीण होतं. तुम्हाला मात्र गाळ्यासमोर आठवडाभर दुपारी बारा ते तीन उभं राहून मोजता येतं, किती माणसं जेवायला येतात आणि किती डबा घेऊन येतात. लालबागमध्ये घरून डबा नेणारेच जास्त निघाले तर?

तो मुलगा आता दर रविवारी परळच्या एका केटररकडे जातो. पगार नाही, जेवण मिळतं. परवा त्याचा मेसेज आला, "सर, आज चाळीस किलो चिकन साफ केलं. बोटं सुजलीत. हॉटेलचं अजून नक्की नाही." वडिलांचे पैसे अजून एफडीतच आहेत.