पुरात विमान आधी, नंतर नव्हे

‘पाणी चढलंच तर विमानानं निघून जाऊ,’ असा हिशेब शहरातली अनेक कुटुंबे मनात धरून असतात. घरात आजारी माणूस असेल तर हा हिशेब जिवावर बेतू शकतो. कारण पाणी आपल्या दारात येण्याआधीच विमानतळ बंद झालेला असू शकतो.

धावपट्टीला लांबलचक सपाट जमीन लागते आणि शहरालगत अशी जमीन बहुधा नदीकाठी, सखल भागातच मिळते. मुंबईच्या विमानतळाला मिठी नदी खेटून आहे, तर चेन्नईत एक धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पुढे नेली आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद राहिला. कोचीचा विमानतळ पेरियार नदीच्या खोऱ्यात आहे. १५ ऑगस्ट २०१८च्या पहाटे तो आधी काही तासांसाठी बंद झाला. प्रत्यक्षात उघडला २९ ऑगस्टला. मधल्या काळात नौदलाच्या धावपट्टीवरून लहान प्रवासी विमाने सुरू झाली, तीही २० ऑगस्टपासून. त्याच पुरात, पाणमोट फुटलेल्या एका गर्भवतीला नौदलाने दोराने हेलिकॉप्टरमध्ये ओढून घेतले. ती सुखरूप बाळंत झाली. पण अशा सुटकेच्या भरवशावर कुणी बेत आखू नये.

डायलिसिसच्या रुग्णाला पाच दिवस थांबता येत नाही. रक्तात पोटॅशियम साचले की हृदयाचे ठोके बिघडतात. घरी ऑक्सिजन लागणाऱ्याचे यंत्र वीज गेली की थांबते. शिवाय विमानात ऐन वेळी चढणे या रुग्णांना जमतही नाही. उडत्या विमानातील हवा सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. त्यामुळे फुप्फुसाचा आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका असेल तर डॉक्टरांचा सल्ला आणि विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. घरचा ऑक्सिजन सिलिंडर प्रवाशाला सहसा सोबत नेता येत नाही.

म्हणून अशा घरांनी अतिवृष्टीचा किंवा धरणातून विसर्गाचा इशारा मिळताच निघावे. विमानच हवे असेही नाही. रस्ता सुरू असेल तर उंचावरच्या गावातले डायलिसिस केंद्र पुरे. औषधे, इन्सुलिन आणि केसपेपर हातातल्या पिशवीतच ठेवावेत.

मात्र सगळा भार रुग्णावर टाकणे योग्य नाही. विसर्गाचा इशारा नदीकाठच्या गावांना जातो, तसाच तो डायलिसिस केंद्रांनाही गेला पाहिजे. केंद्राकडे रुग्णांची यादी असतेच. त्या यादीवरचे फोन पाणी येण्याच्या आदल्या दिवशी लागले पाहिजेत. आलेल्या पुरात मग विमानतळ उघडा आहे की बंद, याची चौकशी करण्याची वेळच येणार नाही.