डीजेला शिव्या देऊन झाल्या असतील तर हे वाचा

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपल्या नांदेडात एकच चित्र : ट्रॅक्टरवर रचलेले बॉक्स आन् हादरणाऱ्या काचा. त्या दणदणाटाला माझाही विरोधच आहे, घरात म्हातारी माणसं आहेत. पण यंत्राचा काय गुन्हा राव? 1958 ला ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातलं फिलिप्स पॅव्हिलियन आखणारा झेनाकिस इमारतीही आखायचा आन् संगीतही रचायचा. काम करायचा चंडीगडवाल्या ल कोर्बुझिएकडं. अहमदाबादच्या एनआयडीत 1969 लाच मूग सिंथेसायझर आला होता.

आणि आपण? देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, भिंतीवर सुरसुंदरी. माळेगावच्या यात्रेत लावणी. गल्लोगल्ली मिक्सिंग करणारी पोरं. आर्किटेक्चर शिकणारी लेकरंही आहेत. पण ही सगळी एका सतरंजीवर बसलेली मी तरी पाहिली नाहीत. आपल्याकडं महोत्सव म्हणजे मंदिर स्टेजमागचा पडदा, मोठं मानधन मुंबईच्या पाहुण्याला, गावच्या कलाकाराला शाल-नारळ!

मागणी साधी आहे. एक संध्याकाळ या पोरांना द्या. दगडाला धक्का नको, आवाज बेताचा, लावणीवाल्या बाईंना पाहुण्याइतकंच मानधन. पालकमंत्र्यांना निवेदन देतोय. सही करायला कोण कोण येणार?