भिडू कुठे गेले?

लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या लागतात, एक चेंडू लागतो आणि दोन्हीकडचे मिळून निदान सहा-आठ भिडू लागतात. ठिकऱ्या कुठल्याही बांधकामाच्या कडेला फुटक्या फरशीच्या मिळतात. चेंडू कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. घोडे अडते ते भिडूंपाशी. संध्याकाळी साडेपाचला एखादा दहा वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन इमारतीखाली उतरतो, तेव्हा एक जण गणिताच्या क्लासला गेलेला असतो, दुसरा पोहायला, तिसऱ्याला घरचे एकट्याने खाली सोडत नाहीत. मुलगा दहा मिनिटे भिंतीवर चेंडू आपटतो, वॉचमनचा ओरडा खातो आणि वर येऊन फोन मागतो. मग घरात जो वाद होतो, तो फोनवरून होतो. भिडूंचा विषय कोणीच काढत नाही.

मुलांनी मैदान सोडून मोबाइल धरला, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण ती अर्धवट आहे. फोनची खरी ताकद त्याला भिडू लागत नाहीत यात आहे. कोणाच्या दारात उभे राहून हाक मारावी लागत नाही, अंधार पडत नाही, पाऊस येत नाही, चेंडू कोणाच्या गॅलरीत जात नाही. मैदानी खेळाला मात्र एकाच वेळी, एकाच जागी, बरीच मुले मोकळी असावी लागतात. एकट्या आई-बापाने कितीही शिस्त लावली, तरी ही जुळणी त्यांच्या हातात नसते.

ही गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने वेगळ्या वाटेने का होईना, ओळखली. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवले : संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल, साडेआठला पुन्हा वाजेल आणि मधल्या दीड तासात गावातला टीव्ही आणि मोबाइल बंद राहील. आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन हे समजावले. बातमी देशभर गाजली ती भोंग्यामुळे. खरी मेख मात्र त्या भोंग्याच्या सार्वत्रिकपणात होती. शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येत असताना आपल्याच घरातला टीव्ही बंद ठेवणे म्हणजे रोजचा तंटा. सगळ्या गावाचा बंद झाला की तंट्याला कारण उरत नाही. शिवाय नियम थोरांनाही लागू होता. पोराला ‘फोन ठेव’ सांगणारा बाप स्वतः अंगठ्याने पडदा सरकवत बसलेला नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ सारखीच, पण रीत निराळी. बान्सीने मुलांकडून काहीतरी काढून घेतले. वडगावने सगळ्यांना मिळून एक वेळ दिली.

तरीही वडगावची वेळ सातची होती आणि ती मुख्यतः अभ्यासाची, वाचनाची होती. उन्हे कलती होतात तो तास, म्हणजे खेळाचा तास, या दोन्ही ठरावांत आलेला नाही. आणि नेमक्या त्याच तासाबद्दल वैद्यकशास्त्राकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

मुलांना लहानपणी चष्मा लागला की दोष पडद्याला दिला जातो. पडद्याकडे किंवा पुस्तकाकडे जवळून, तासन्‌तास पाहण्याचा त्रास होतोच. पण गेल्या वीसेक वर्षांतल्या संशोधनाचा रोख दिवसाच्या उजेडाकडे आहे. २००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापुरातल्या २९.१ टक्के मुलांना लांबचे धूसर दिसत होते, सिडनीत फक्त ३.३ टक्के मुलांना. सिडनीची मुले पुस्तके कमी वाचत होती असेही नाही. मोठा फरक होता तो घराबाहेर घालवलेल्या वेळेत : सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा निवडून त्यांतल्या निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले गेले. तीन वर्षांनी, बाहेर न काढलेल्या मुलांपैकी ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाहेर काढलेल्यांपैकी ३०.४ टक्के मुलांना. तैवानने तर २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटे उघड्यावर घालवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला आणि वर्षानुवर्षे चढत गेलेला अधू दृष्टीचा आकडा उतरू लागला.

यामागचे कारण साधे आहे. दिवे लावलेल्या खोलीतला उजेड काहीशे लक्स असतो, बाहेरचा सहज दहा हजारांच्या पुढे जातो. तो प्रखर उजेड डोळ्याच्या पडद्यातले डोपामिन वाढवतो आणि त्यामुळे डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांबत नाही, असे मानले जाते. त्यासाठी मुलाने पळालेच पाहिजे असे नाही. पारावर बसून गोट्या मोजल्या तरी डोळ्यांचे काम होते. बाकीच्या शरीरासाठी पळावे लागते : पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी दमेल असे हालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डोळे आणि शरीर यांच्यापलीकडेही मैदान काहीतरी शिकवते, आणि त्याचे शब्द मराठीत अजून शाबूत आहेत. खेळात आपल्याकडे ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो राजा नसतो, सगळ्यांत जास्त धावपळ त्याचीच होते. हरायला लागल्यावर नियम बदलणाऱ्याला ‘रडीचा डाव’ ऐकावा लागतो. आणि सगळ्यांत सुंदर शब्द ‘कच्चे लिंबू’. चार वर्षांचा धाकटा भाऊ खेळायला हट्ट करतो, त्याला घेतले तर डाव बिघडतो, हाकलले तर तो रडत घरी जाऊन सांगतो. मग तो कच्चे लिंबू. तो पळेल, ओरडेल, पण बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. दुबळ्याला सामावून घेण्याचा हा कायदा कोणत्याही शिक्षकाने शिकवलेला नाही. पोरांनीच केला आणि पोरांनीच पाळला.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने नेमकी हीच गोष्ट गोट्या खेळणाऱ्या मुलांत पाहिली. १९३२ च्या त्याच्या पुस्तकात ती आली आहे. लहान मुलांना वाटते की नियम मोठ्यांकडून आलेले आहेत, ते बदलता येत नाहीत. दहा-अकराच्या पुढे कळते की सगळ्यांचे एकमत झाले तर नियम बदलता येतो. हे कळायला मध्ये शेकडो भांडणे व्हावी लागतात : विटी झेलली की टप्पा पडून घेतली, मोजताना दांडू सरकवला की नाही. मोबाइलवरच्या खेळात हे भांडण होतच नाही. बाद कोण ते यंत्र ठरवते आणि तिथे अपील नसते. न्यायाने बोलायचे तर फोनवरही मुले जोडीने खेळतात, हेडफोन लावून एकमेकांना सूचना देतात, गाव सोडून गेलेल्या मित्राशी त्यांची तेवढीच गाठ पडते. पण कच्चे लिंबू घेण्याची सोय कोणत्या गेममध्ये मुलांच्या हातात आहे?

क्रिकेट किंवा फुटबॉलच्या कोचिंगला घालून ही उणीव भरून निघेल, असे पुष्कळ पालकांना वाटते. तिथे शरीर कमावले जाते, कौशल्य येते, त्यात वाईट काहीच नाही. पण तिथे संघ प्रशिक्षक पाडतो, वाद प्रशिक्षक सोडवतो आणि वेळ संपली की शिट्टीही तोच वाजवतो. फी भरू न शकणारा भिडू तर फाटकाबाहेरच राहतो.

जुन्या दिवसांचे गोडवे गातानाही थोडे सांभाळूनच घ्यायला हवे. विटीदांडूच्या मैदानावर मुली क्वचित असत. सागरगोटे, काचापाणी, ठिकरी अशा ओटीवरच्या आणि अंगणातल्या खेळांवर त्यांची बोळवण होई, आणि पाळण्यातले भावंड झोपेतून उठले की डाव मोडून घरात पळावे लागे. कोणाच्या पोराने कोणाच्या पोराबरोबर खेळायचे, हे अनेक गावांत जातीवरून ठरे. म्हणून जुने मैदान जसेच्या तसे परत आणून भागणार नाही. आज शाळेच्या पटांगणावर सगळ्या वस्त्यांतली मुले-मुली एकत्र येऊ शकतात, ही त्या काळी नसलेली सोय आहे.

पण पटांगण संध्याकाळी कुलपात असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान सक्तीचे केले. शाळा सुटली की ते कोणाचे, हे मात्र कायदा सांगत नाही. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे एक एकराहून थोड्या कमी, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती नकाशावर असते. प्रत्यक्षात तिथे कुठे लॉन असते आणि त्यावर ‘चालू नये’ अशी पाटी, कुठे जास्तीच्या गाड्या.

जागा मिळवण्याचे प्रयोग झालेले आहेत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००९ मध्ये काही पालकांनी आपल्याच गल्लीतली वाहतूक थोडा वेळ बंद करून मुलांना खेळायला सोडले, आणि ती पद्धत पुढे अनेक शहरांनी उचलली. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून पाहिले. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना मोकळा मिळतो. यातले आठवड्याचे किंवा वर्षाचे प्रसंग रोजच्या साडेपाचला आणायचे, एवढेच काम उरले आहे. त्यासाठी शाळांनी पटांगणाचे फाटक तासभर उघडे ठेवावे, क्लासवाल्यांनी तो तास सोडावा आणि एखाद्या आजी-आजोबांनी बाकावर बसावे, खेळ न शिकवता.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत पार्किंगचा विषय दरवर्षी असतो आणि सर्वांत जास्त आवाज त्यालाच चढतात. यंदाच्या विषयपत्रिकेत त्याच्या वर एक ओळ लिहून घ्यावी : रोज साडेपाच ते साडेसहा आवारात गाडी हलणार नाही, त्या तासाला कोणाचा क्लास नाही, सगळी मुले-मुली खाली. ठराव मांडायला एक जण लागतो आणि अनुमोदन द्यायला दुसरा.