जनित्र घेण्यापूर्वी कामाचा हिशेब करावा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावी सोयाबीन निघाले, की उभी तूर राखणे आणि हरभऱ्याची पेरणी साधणे ही दोन कामे एकदमच शेतकऱ्यापुढे येतात. रोही व रानडुकरे यांचा उपद्रव ज्यास सोसावा लागला आहे, तो धुऱ्यावर लोखंडी खांब रोवून तारेचे कुंपण घालावयाचे ठरवितो. खांब कापावयाचे, त्यांस भोके पाडावयाची, आडवे अँगल जोडावयाचे, म्हणजे ग्राइंडर, ड्रिल आणि वेल्डिंग यंत्र आले. वावरापर्यंत विजेची तार नसते; असली तर शेतीच्या वाहिनीवर वीज ठराविक तासांपुरतीच असते. अशा वेळी हलते जनित्र, म्हणजेच जनरेटर, विकत घेण्याचा विचार मनात येतो. विचार चुकीचा नाही. परंतु ही खरेदी बहुधा घाईने आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून होते, व तेथेच शेतकऱ्याचे नुकसान होते.

शेतकऱ्यास इंजिन नवे नाही. किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली, आणि पुढील दशकांत महाराष्ट्रातील अनेक विहिरींवर तेलाची इंजिने पाणी उपसू लागली. त्या इंजिनाने पंप थेट फिरविला जाई. जनित्राची गोष्ट वेगळी आहे. येथे इंजिनाच्या शक्तीची आधी वीज होते, आणि त्या विजेची मोटारीत पुन्हा शक्ती होते. प्रत्येक रूपांतरात काही भाग वाया जातो. सबब जे यंत्र इंजिनाने किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओने थेट फिरू शकते, त्याच्यासाठी जनित्र घेऊ नये. मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालवावे. विहिरीचे पाणी डिझेल पंपाने किंवा सौरपंपाने उपसावे.

हरभऱ्याला तुषार सिंचनाने पाणी देता येईल, या आशेने लहान जनित्र घेणे ही सर्वांत महागडी चूक होय. पाच अश्वशक्तीची मोटार चालू असताना सुमारे साडेचार ते पाच किलोवॅट वीज ओढते. परंतु सुरू होताना तिचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट होतो. दोन माणसांनी उचलून नेण्याजोग्या जनित्राकडून हा भार उचलला जात नाही. मोटार नुसती गुरगुरते आणि तिचे वेटोळे जळते.

आकार कसा ठरवावा

प्रथम कोणती अवजारे एकाच वेळी चालणार, ते कागदावर लिहावे. चार इंची ग्राइंडर सुमारे ७०० ते ८५० वॅट, हातातील ड्रिल ६०० ते ७०० वॅट आणि चौदा इंची कटर २,००० ते २,४०० वॅट घेतो. एक माणूस एका वेळी एकच अवजार चालवितो, हे विसरून सर्वांची बेरीज करणे व्यर्थ आहे. ग्राइंडर व ड्रिल यांपुरते काम असेल, तर दोन केव्हीएचे जनित्र पुरते. चौदा इंची कटरास साडेतीन ते चार केव्हीए हवे. वेल्डिंग आले की हिशेब बदलतो. अडीच मिलिमीटरच्या कांडीस इन्व्हर्टर पद्धतीचे वेल्डिंग यंत्र घेतले, तर साधारण तीन केव्हीए आणि ३.१५ मिलिमीटरच्या कांडीस पाच केव्हीए जनित्र धरावे. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या यंत्रास याहून पुष्कळ अधिक लागते. कडबाकुट्टीची दोन अश्वशक्तीची मोटारही सुरू होताना मोठा झटका घेते, म्हणून तिला पाच-सहा केव्हीएखाली भागत नाही.

पाटीवरील आकडा नीट वाचावा. पाच केव्हीए म्हणजे पाच किलोवॅट नव्हे. पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर ते चार किलोवॅट होतात. तसेच 'कमाल' शक्ती काही क्षणांची असते; 'रेटेड' म्हणून लिहिलेली शक्तीच खरेदीस धरावी आणि तिच्याही चार-पंचमांशाहून अधिक भार सतत ठेवू नये.

तारेची निवड हाही जनित्राचाच भाग आहे. जनित्रापासून ५० मीटरवर दहा अँपिअरचे अवजार चालवावयाचे असेल, तर एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे १८ व्होल्ट वाटेतच जातात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेसात व्होल्टही जात नाहीत. तारेत वाचविलेला पैसा अवजाराच्या दुरुस्तीत जातो.

खरा खर्च इंधनाचा

मोठे जनित्र घेतले म्हणजे पुढील चिंता मिटली, असे मानणे बरोबर नाही. अल्प भारावर चालणारे मोठे इंजिन दर युनिटला अधिक इंधन खाते. लहान पेट्रोल जनित्रास एका युनिटला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले, तर हे युनिट पन्नास रुपयांस पडले. दोन किलोवॅटचे काम तीन तास केल्यास सहा युनिटे, म्हणजे तीन लिटर पेट्रोल व तीनशे रुपये. डिझेल जनित्र इंधनास स्वस्त, परंतु वजनास जड व किमतीस अधिक असते. रोज बराच वेळ चालणार असेल, तरच ते परवडते.

येथे एका गोष्टीचा आग्रह धरावयास हवा. वीज वावरात नेण्यापूर्वी काम गावात आणता येते काय, ते पहावे. खांब मोजून गावातील वर्कशॉपमध्ये कापून, भोके पाडून आणले, तर वावरात केवळ नटबोल्ट आवळणे व तार ताणणे उरते. किरकोळ कापणीस बॅटरीवरील ग्राइंडर पुरतो. एवढे करूनही जनित्राची गरज उरली, आणि ती वर्षातून आठ-दहा दिवसांचीच असली, तर ते भाड्याने घ्यावे किंवा बचत गटाने वा शेतकरी उत्पादक कंपनीने एक घेऊन सर्वांनी वापरावे. वर्षाचे साडेतीनशे दिवस गोठ्यात पडून राहणाऱ्या यंत्रासाठी कर्ज काढणे हे शेतीच्या हिशेबात बसत नाही.

जीवाची जोखीम

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाचा प्राण घेतो. म्हणून जनित्र घरात, गोठ्यात किंवा खोपीत कधीही चालवू नये. दारापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर ठेवावे. इंजिन गरम असता पेट्रोल भरू नये.

घरातील सॉकेटमध्ये जनित्राची तार खोचून घर उजळविणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रमाद आहे. ती वीज उलट वाहून रोहित्रात जाते व पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट दाब निर्माण होतो. वीज बंद आहे, या विश्वासाने खांबावर चढलेला लाइनमन त्यात बळी पडू शकतो. घरास जोड द्यावयाचाच असेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडून बदल-स्विच बसवून घ्यावा.

आणि ज्या कुंपणासाठी ही सारी खटपट, त्या कुंपणात जनित्राची वीज सोडण्याचा विचारही कोणी करू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी, सालदार किंवा आपलेच मूल त्या तारेला लागले, तर वाचविलेली तूर कोणाच्या उपयोगी पडावयाची?

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास जनित्राची कंपनी सुचविण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारावेत : काम कोणते, वर्षातून किती दिवस, आणि ते दुसऱ्या मार्गाने होते काय? या तिहींची उत्तरे कागदावर आली, की किती केव्हीएचे जनित्र लागते हे आपोआप कळते. आणि पुष्कळदा ते मुळीच लागत नाही, हेही कळते.