पदवी हा पुरावा नव्हे

पस्तिशीतला सुशिक्षित मनुष्य ‘एडीएचडी’ची, म्हणजे अवधान न टिकण्याच्या विकाराची, तपासणी मागतो आणि “पदवी मिळविलीत, नोकरी करता, मग विकार कसला?” असे ऐकून परततो. हा न्याय नव्हे. पदवीमागची जागरणे पदवीपत्रावर छापलेली नसतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार प्रौढांतही हे निदान होते. मात्र काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. रक्ततपासणीने हे कळत नाही. आजच्या अडचणींबरोबर बालपणाचा वृत्तांत, जुनी प्रगतिपुस्तके, आईवडिलांची साक्ष हे सारे तपासावे लागते. निदान होवो वा न होवो, ‘आळशी’ हे दूषण जन्मभर सोसलेल्या माणसाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.