ओल, बुरशी आणि थकवा

विश्रांतीने न निवणारा आणि थोड्याशा श्रमाने बळावणारा दीर्घकालीन थकवा हा मनाचा खेळ नसून गंभीर व्याधी आहे, असा निर्वाळा अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन ह्या संस्थेने २०१५ साली दिला. ह्या व्याधीचे मूळ ओलसर घरातील विषारी बुरशीत असेल काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका पाहणीत अशा ११२ रुग्णांपैकी १०४ जणांच्या लघवीत बुरशीजन्य विषे आढळली. आकडा चकित करणारा खरा. परंतु ही विषे अन्नधान्यातूनही पोटात जातात आणि निरोगी माणसांच्या लघवीतही सापडतात. म्हणूनच अशा अप्रमाणित चाचण्यांवरून रोगनिदान करू नये, असा इशारा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये दिला.

संबंध सिद्ध झालेला नाही. तो असंभवनीय ठरला आहे, असेही नव्हे. हा भेद न ओळखल्यामुळे एकीकडे रुग्णाची आळशी म्हणून संभावना होते, तर दुसरीकडे महागड्या चाचण्या विकणाऱ्यांचे फावते.

मात्र ओल हटविण्यासाठी ह्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ओलसर घरांत श्वसनाचे विकार व दमा अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच नमूद केले आहे. पाझरणारी भिंत दुरुस्त करणे हे घरमालकाचे कर्तव्य; थकलेल्याचे म्हणणे विश्वासाने ऐकून घेणे हे डॉक्टरांचे. विज्ञानाचा निर्णय लांबला, म्हणून यांपैकी एकही कर्तव्य लांबणीवर टाकता येणार नाही.