जुनी मोटारसायकल अख्खी विकावी की खोलून? पैशाआधी आरसी कोणाच्या नावावर राहते ते बघा

वार्ताहर, चिखलोली (ता. अंबरनाथ) : जुन्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवायचा नियम आला आणि पडवीत, गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली पडलेल्या मोटारसायकली पुन्हा चर्चेत आल्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेल्या प्रत्येक गाडीला ही प्लेट सक्तीची आहे. दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, पण नियम काही गेला नाही. प्लेट नसली की आरटीओत नाव बदलायचं कामही अडतं.

मग घरात हिशेब सुरू होतो. गाडीला १५ वर्षं झालेली, आरसी रिन्यू करायची आहे, इन्शुरन्स कधीच संपलाय, वर आता प्लेट. पोरगा म्हणतो, "बाबा, एवढा खर्च या डबड्यावर कशाला? खोलून पार्ट विकू, जास्त पैसे येतील." चिखलोलीपासून वांगणीपर्यंत हेच ऐकायला मिळतं. आपल्या भागात एमआयडीसीत कामाला जाणारी, अंबरनाथ-बदलापूर स्टेशनला गाडी लावणारी पोरं भरपूर. त्यामुळे घरटी एक चालती आणि एक पडलेली गाडी, असा प्रकार सगळीकडे आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळे हिशेब आहेत. एक पैशाचा, दुसरा कागदाचा. पहिला चुकला तर दोन-तीन हजार जातात. दुसरा चुकला तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

आधी पैशाचा हिशेब

खाली धरलेले आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. आपल्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब घरी करता येईल.

समजा १०० सीसीची, १२ वर्षं जुनी गाडी आहे. चालू आहे, कागद क्लिअर आहेत. अख्खी विकली तर १५ हजार मिळतात असं धरू. आता तीच खोलली तर इंजिन ८ हजार, टायरसकट दोन्ही चाकं अडीच हजार, पुढचे शॉकअप दीड हजार, टाकी आणि साइड पॅनल दीड हजार, मीटर-हेडलाइट-वायरिंग १२००, कार्बोरेटर ८००, बॅटरी-सीट-सायलेन्सर मिळून दीड हजार. उरलेलं लोखंड भंगारात १ हजार. बेरीज १८ हजार. कागदावर ३ हजारांचा फायदा दिसतो.

पण सगळे पार्ट विकले जात नाहीत. चाकं, इंजिन लवकर जातं. टाकीला पोचा असतो, वायरिंग कोणी घेत नाही, मीटरचं गिऱ्हाईक सहा महिने येत नाही. टाकी-पॅनल, मीटर-वायरिंग आणि कार्बोरेटर पडून राहिलं तर साडेतीन हजार गेले. गाडी खोलायची मिस्त्रीची मजुरी दीड हजार धरा. हातात राहिले १३ हजार. म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा २ हजार कमी, वर घरात ऑइलचे डाग आणि रोज फोनवर घासाघीस.

आता दुसरी गाडी बघू. इंजिन जाम झालंय किंवा अपघातात चेसिस वाकलीय. अख्खी घ्यायला आलेला माणूस ४ हजारांच्या वर जात नाही. ही खोलली तर इंजिनाचे ८ हजार जातात, त्याजागी भंगाराच्या भावाने दीड हजार येतात. बेरीज साडेअकरा हजार. न विकलेला माल आणि मजुरी वजा करून साडेसहा हजार राहतात. इथे खोलण्यात अडीच हजार जास्त मिळतात.

थोडक्यात, चालती गाडी अख्खी विकलेली बरी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात असेल, तरच खोलायचा विचार करावा.

पार्टला भाव कशामुळे येतो?

सगळ्या गाड्यांच्या पार्टला सारखी मागणी नसते. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ ला आली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं मूळ ढाच्यात तेच राहिलं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या मॉडेललाही बरेच पार्ट चालतात. म्हणून तिचा पार्ट घेणारा प्रत्येक गावात भेटतो. पण तिचा नवा पार्टही प्रत्येक दुकानात मिळतो, तोही स्वस्तात. त्यामुळे जुन्याला फार भाव चढत नाही.

उलटं उदाहरण यामाहा आरएक्स १०० चं. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती बनली. कंपनीचा जुना पार्ट मिळाला तर शौकीन लोक मागेल ती किंमत देतात. पण कागद क्लिअर असलेली अख्खी आरएक्स त्याहून महाग जाते. असली गाडी घरात असेल तर खोलायच्या फंदात पडू नका.

आणखी एक बदल लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. जुन्या गाडीचा कार्बोरेटर, सीडीआय नव्या गाडीला बसत नाही. म्हणजे जुन्या पार्टचं गिऱ्हाईक म्हणजे फक्त जुन्याच गाड्यांचे मालक, आणि ते वर्षागणिक कमी होत जाणार. पार्ट साठवून ठेवले तर पुढे भाव येईल, ही आशा धरू नका.

खोलून विकण्यात खरा फायदा गॅरेजवाल्याला होतो. त्याच्याकडे महिन्याला चार गाड्या येतात, कुठला पार्ट कुणाला लागणार ते त्याला माहीत असतं, मजुरी घरची असते. आपण एकच गाडी घेऊन बसलेलो. त्यामुळे "दादा, तुमची गाडी मी कटिंगला घेतो" असं कोणी म्हणालं, तर तो कमावणार यात वावगं काही नाही. पण कटिंगला दिलेली गाडी खरंच कटिंग होते का, हे विचारायला हवं.

खरी गोम चेसिसमध्ये

टायर, सीट, बॅटरी यांच्यावर मालकाचं नाव नसतं. चेसिस आणि इंजिनवर नंबर पंच केलेला असतो आणि तो नंबर आरटीओच्या नोंदीत तुमच्या नावाला जोडलेला असतो. गाडी खोलून तिचे शंभर तुकडे झाले तरी सरकारी नोंदीत ती अख्खी आणि चालू असते.

चोरट्यांना नेमकं हेच हवं असतं. मेलेल्या गाडीची आरसी आणि चेसिसचा नंबर हाती आला की चोरीच्या गाडीवर तोच नंबर टाकून ती रस्त्यावर काढता येते. मग चलान तुमच्या मोबाइलवर येतं. सोनसाखळी खेचताना किंवा दारू वाहताना ती गाडी वापरली गेली तर पोलीस तुमचं दार वाजवतात. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या खोलून पार्ट विकण्यासाठी देशभर बदनाम होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. असा धंदा चालतो तो बिनकागदाच्या पार्टवरच.

घेणाऱ्यालाही यात धोका आहे. स्वस्तात मिळालं म्हणून इंजिन घेतलं आणि ते चोरीचं निघालं, तर चोरीचा माल बाळगल्याची केस होऊ शकते. भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ त्यासाठीच आहे. इंजिन घेताना विकणाऱ्याच्या आरसीची आणि आधारची प्रत घ्या, चिठ्ठीवर इंजिन नंबर लिहून सही घ्या. बदललेलं इंजिन आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावं लागतं, हेही विसरू नका.

अख्खी विकली तरी सुटका नाही

"मग अख्खी विकली की झालं," असं कोणी म्हणेल. तसं नाही. आपल्याकडे पद्धत अशी की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्यायच्या, पैसे घ्यायचे, आणि "नाव मी करून घेतो" या शब्दावर गाडी सोडायची. घेणारा नाव करत नाही. तो पुढे तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला.

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल प्रत्येक गाडीवाल्याने माहीत करून घ्यावा. त्या प्रकरणात मूळ मालकाने कार २००७ मध्ये विकली होती. पुढे ती हातोहात फिरली, पण आरसी पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात जीव गेला. न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, तरीही. चारचाकीला जो कायदा, तोच मोटारसायकलला.

म्हणजे वीस हजारांच्या गाडीपायी लाखांची भरपाई अंगावर येऊ शकते. पडीक गाडीचा इन्शुरन्स नसतो, त्यामुळे कंपनीही आपल्या बाजूने उभी राहत नाही. ज्याच्या नावावर दोन एकर जमीन आहे, त्याने याचा विचार करावा.

कायदेशीर वाट कोणती?

गाडी अख्खी विकत असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपली गाडी एमएच-०५ ची, म्हणजे काम कल्याण आरटीओत. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, फिटलेलं कर्जही आरसीवरून उतरवावं लागतं. थोडे पैसे घेणाऱ्याकडे बाकी ठेवा आणि आरसीवर त्याचं नाव चढलं की घ्या. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून तपासता येतं.

गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. वडिलांची सही आपणच करून गाडी विकणं म्हणजे खोटी सही, तो गुन्हाच.

गाडी खोलायचीच असेल, किंवा भंगारात द्यायची असेल, तर कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करून घ्या. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरसीसकट आरटीओला कळवायचं असं कायदा म्हणतो. साधारणपणे मूळ आरसी, चेसिस नंबरचा कापलेला तुकडा, बाकी चलान आणि कर भरल्याचा पुरावा असं मागतात. गाडीला पाना लावायच्या आधी ऑफिसात जाऊन नेमकं काय लागतं ते विचारून घ्या. चेसिस भंगारवाल्याच्या काट्यावर गेल्यावर तो नंबरचा तुकडा परत मिळत नाही.

तिसरी वाट सरकारमान्य स्क्रॅप केंद्राची. २३ सप्टेंबर २०२१ ला त्याचे केंद्रीय नियम निघाले. तिथे गाडी दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी खाजगी गाडी घेताना करात सवलत देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, नेमकी किती द्यायची ते राज्य ठरवतं. नवीन गाडीची नोंदणी फीही माफ होते. लगेच दुसरी गाडी घेणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा.

आणि गाडी चांगली असेल तर ठेवायचाही पर्याय आहे. १५ वर्षांनंतर आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू होते. दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून १ हजार रुपये, आणि २० वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २ हजार. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये दंड चढतो, म्हणून "बघू पुढे" म्हणत बसू नका.

धोरणात खेड्याची दुचाकी कुठे?

स्क्रॅप धोरण मार्च २०२१ मध्ये संसदेत मांडलं तेव्हा जुन्या गाडीला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के भंगारमोल मिळेल असं सांगितलं होतं. ट्रकला ही रक्कम बरी वाटते. ८० हजारांच्या मोटारसायकलला हा हिशेब ३२०० ते ४८०० रुपयांचा होतो. बंद गाडी टेम्पोत घालून लांबच्या केंद्रावर न्यायची तर त्यातले किती उरणार? त्यापेक्षा दारात आलेला भंगारवाला रोख पैसे देतो, कागद विचारत नाही. लोक त्याच्याकडे जातात ते अडाणीपणामुळे नाही, जवळ दुसरी सोय नाही म्हणून.

लायसन्ससाठी आरटीओ तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं घेतं. त्याच शिबिरात महिन्यातून एकदा जुन्या दुचाकींची नोंदणी रद्द करायचं आणि वारसाच्या नावावर करायचं काम घेतलं, तर निम्मे प्रश्न जागेवर सुटतील. चेसिस नंबरचा तुकडा तिथेच कापून जमा करावा आणि पावती द्यावी. याला मोठा खर्च नाही. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकेच्या सदस्यांनी ही मागणी लेखी द्यायला हरकत नाही.

तोवर आपण एवढं तरी करावं. घरातली प्रत्येक आरसी काढून बघा, नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, कर्जाचा बोजा उतरलाय का. पूर्वी विकलेल्या गाडीचा नंबर आठवत असेल तर अॅपवर टाकून बघा. अजून तुमचंच नाव दिसत असेल तर घेणाऱ्याला गाठा आणि आरटीओला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि भंगारवाला दारात आला तर टायर द्या, टाकी द्या. पण नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत आरसी, नंबर प्लेट आणि चेसिस देऊ नका.